बॅटरीचे आटे

मंडळी, गेल्या खेपेला आपण रूढी आणि नियम यांतला फरक पाहिला. आज तोच विषय पुढं नेऊ, फक्त उदाहरण ग्रंथातलं न घेता उद्यमनगरातलं घेऊ.

2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतली वीज गेली. बॅटरीचं मागचं झाकण अंधारात पाण्यात पडलं. शेजाऱ्यांकडे बिघडलेली दुसरी बॅटरी होती, जाडी तीच. तिचं झाकण आमच्या बॅटरीला बसेना, कारण आटे वेगळे. सेल होते, बल्ब चांगला होता, तरी रात्र काळोखात काढली. पाणी ओसरल्यावर आम्ही ठरवलं, बॅटरी आपणच करून घ्यायची. टर्नरनं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आटे कुठले पाडू?" या प्रश्नामागं जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि 55 अंशांचा आटा सुचवला. म्हणजे त्यांनी रूढीलाच नियम केलं. 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी वेगळा विचार मांडला. आटा साध्या कारागिराला सहज पाडता यावा, म्हणून कोन 60 अंशांचा आणि माथा सपाट. पाव इंची बोल्टला दोघांचेही इंचाला 20 आटे. अर्ध्या इंचाला मात्र एकाचे 12, दुसऱ्याचे 13. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा हा एका आट्याचा फरक महाग पडला. 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा 60 अंशांवर एक झाले.

आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर इंच आणि व्हिटवर्थ आले. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. कायद्यानं मापं बदलली, पण लेथ तेच राहिले. इंची लेथवर मिलिमीटरचा आटा नेमका पाडायचा तर 127 दात्यांचं गिअर लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर. अजून दुकानात 'चार सूत' म्हटलं की अर्ध्या इंची बोल्ट हातात येतो. माप सवयीत किती खोल बसतं ते बघा.

आता बॅटरीकडे येऊ. मोठा सेल साधारण 34 मिलिमीटर जाडीचा. नळी आतून 35, बाहेरून 38 घेतली, तर भिंत उरते दीड मिलिमीटर. व्हिटवर्थच्या तक्त्यात दीड इंची बोल्टला इंचाला 6 आटे आहेत, खोली सुमारे 2.7 मिलिमीटर. तेवढा खोल आटा पाडला तर नळी आरपार कापली जाईल! तक्ता चुकीचा नाही, तो भरीव बोल्टसाठी आहे. नियम कशासाठी केला हे न पाहता तो लावला की असं होतं.

पातळ पितळी नळ्यांसाठी इंग्रजांनीच वेगळा आटा ठरवला होता: जाडी कितीही असो, इंचाला 26. त्याची खोली सुमारे 0.6 मिलिमीटर. मेट्रिकमध्ये एक मिलिमीटर अंतराचा आटा घेतला तरी खोली जवळजवळ तेवढीच येते. दोन परंपरा वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आल्या, कारण नळीची भिंत दोघांनाही सारखीच. याहून बारीक आटा घेतला तर तो वाळूच्या कणानं अडकतो आणि घाईत तिरका चढतो. पुरात हाताला चिखल असतो, हे विसरून चालणार नाही.

मग 26 की एक मिलिमीटर? टर्नरच्या जुन्या लेथवर 26 सोपा होता. पण त्यानंच विचारलं, "उद्या झाकण हरवलं तर कोण करून देणार?" आम्ही एक मिलिमीटर घेतला आणि माप नळीवर कोरून घेतलं.

इथं बाबूराव पेंटर आठवतात. त्यांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कॅमेरा स्वदेशी, पण फिल्मवरची भोकं फुटाला 64, ती जगानं ठरवलेली. त्यात आपलं माप घातलं असतं तर फिल्म पुढं सरकलीच नसती. तरी त्या कॅमेऱ्याला कुणी परका म्हणत नाही.

स्वदेशी म्हणजे आपलं वेगळं माप, असं आम्हीही तरुणपणी मानत होतो. आता वाटतं, वेगळं माप पुष्कळदा गिऱ्हाईक बांधून ठेवतं आणि अडचणीच्या वेळी शेजाऱ्याला निरुपयोगी करतं. प्रमाण म्हणजे अनोळखी माणसाला आधीच दिलेला शब्द. तो कुणी ठरवला हा प्रश्न महत्त्वाचा आहेच; त्याच्याकडे पुढच्या व्याख्यानात येऊ. तोवर घरी गेल्यावर दोन बॅटऱ्यांची झाकणं अदलाबदल करून बघा.