विसाव्या शतकाच्या मध्यातील डरहॅम काउंटीमधील पुरुषांचे व्यवसाय : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आपल्याकडील पदवी व पदव्युत्तर वर्गांत इंग्लंडचा इतिहास प्रामुख्याने संसद, राजघराणी आणि औद्योगिक क्रांती या तीन अंगांनी शिकविला जातो. औद्योगिक क्रांतीने निर्माण केलेला कामगार पुढे दीडशे वर्षे कसा जगला, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. इंग्लंडच्या ईशान्येस टाइन आणि टीस या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेली डरहॅम काउंटी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ‘काउंटी’ हा साधारणपणे आपल्या जिल्ह्याशी तुलना करता येईल असा प्रशासकीय विभाग होय.

या काउंटीच्या इतिहासात १९५१ हे वर्ष तीन कारणांनी महत्त्वाचे ठरते. ८ एप्रिल १९५१ रोजी ब्रिटनची दशवार्षिक जनगणना झाली. २९ मे १९५१ रोजी ईझिंग्टन येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी डरहॅम काउंटी कौन्सिलने आपला विकास आराखडा तयार केला आणि त्यात शंभराहून अधिक गावांमध्ये यापुढे नवी गुंतवणूक न करण्याचे धोरण ठरविले. या तीनही घटनांच्या मुळाशी पुरुषांचा व्यवसाय हाच विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) विसाव्या शतकाच्या मध्यातील डरहॅममधील पुरुषांच्या व्यवसायांचे स्वरूप समजून घेणे.
२) जनगणनेतील व्यवसाय-वर्गीकरण आणि कामाची प्रत्यक्ष रचना यांतील अंतर स्पष्ट करणे.
३) व्यवसायाच्या आकड्यांवर आधारलेल्या नियोजनाचा गावांवर झालेला परिणाम तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

काउंटीची व्यावसायिक रचना

१९५१ मधील डरहॅम आजच्यापेक्षा विस्तृत होती. गेट्सहेड, साउथ शील्ड्स, सन्डरलंड, हार्टलपूल, स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन ही शहरे तिच्या ऐतिहासिक सीमेत येत. टाइन, वेअर व टीस नद्यांच्या काठांवरील यांपैकी अनेक शहरे पुढील पुनर्रचनेत, विशेषतः १ एप्रिल १९७४ रोजी, अन्य प्रशासकीय विभागांत गेली. १९५१ ची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती.

या भूप्रदेशात पुरुषांच्या व्यवसायांचे चार पट्टे दिसतात. पश्चिमेकडील वेअरडेल व टीसडेलच्या डोंगराळ भागात मेंढपाळी आणि दगडखाणी होत्या. तेथील शिशाच्या खाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ओस पडू लागल्या होत्या. मध्य व पूर्व भागात कोळसा होता. नदीमुखांवर, विशेषतः सन्डरलंड येथे, जहाजबांधणी चाले. कॉन्सेट येथे पोलाद, डार्लिंग्टन व शिल्डन येथे रेल्वे इंजिने आणि वाघिणी, तर टीसकाठच्या बिलिंगहॅम येथे रसायने तयार होत. मात्र हे पट्टे परस्परांपासून स्वतंत्र नव्हते. १८२५ मध्ये सुरू झालेली स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे कोळसा वाहून नेण्याच्या गरजेतूनच जन्माला आली होती. पोलादाच्या भट्टीस लागणारा कोक आणि बंदरांतून बाहेर जाणारा माल हाही कोळशावरच अवलंबून होता. १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या नॅशनल कोल बोर्डाकडे आल्या, त्या वेळी डरहॅमच्या खाणींत एक लाखाहून अधिक माणसे काम करीत होती. एका उद्योगावरील हे अवलंबित्व किती घातक ठरू शकते, याचा अनुभव जॅरो या शहराने १९३० च्या दशकात घेतला होता. तेथील पामर यांचा जहाज कारखाना बंद पडल्यावर ऑक्टोबर १९३६ मध्ये सुमारे २०० बेकार पुरुष लंडनपर्यंत पायी चालत गेले.

जनगणनेतील ‘खाणकामगार’

१९५१ च्या जनगणनेला एक वेगळे महत्त्व होते. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४१ ची जनगणना झाली नाही आणि इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेची मूळ कागदपत्रे डिसेंबर १९४२ मधील आगीत नष्ट झाली. त्यामुळे वीस वर्षांच्या खंडानंतरचे समाजाचे चित्र या गणनेतूनच मिळते. मात्र तिची घरोघरची मूळ पत्रके शंभर वर्षे बंद राहणार असल्याने अभ्यासकाला छापील कोष्टकांवरच विसंबावे लागते.

या कोष्टकांत ‘उद्योग’ आणि ‘व्यवसाय’ हे दोन वेगळे निकष होते. खाणीतील लोहार, सुतार किंवा कारकून हे उद्योगाच्या निकषाने कोळसा खाणीत मोजले जात, परंतु व्यवसायाच्या निकषाने ते लोहार, सुतार, कारकूनच राहत. याशिवाय प्रत्येक व्यवसाय पाच सामाजिक वर्गांपैकी एकात बसविला जाई. व्यावसायिक, मध्यम, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असा हा उतरता क्रम होता. १९११ च्या जनगणनेच्या विश्लेषणात खाणकामगारांसाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला होता. पुढे तो वर्ग मोडून खाणकामगारांना कौशल्याच्या सर्वसामान्य उतरंडीत विभागण्यात आले. कौशल्य हे माणसाच्या ठायी कायमचे असते, असे या उतरंडीत गृहीत धरलेले होते. डरहॅममधील कामाची रचना या गृहीतकाशी जुळत नाही.

खाणीतील कामाची श्रेणी व तिचे नियम

डरहॅमच्या खाणीतील पुरुषाचे काम वयानुसार बदलत जाई. शाळा सोडण्याचे वय १९४७ मध्ये १४ वरून १५ झाले. शाळा सोडलेला मुलगा प्रथम जमिनीवर कोळशातून दगड वेचण्याच्या कामाला लागे. त्यानंतर तो भूगर्भात तट्टू हाकी. अंगात बळ आल्यावर तो ‘पटर’ होई, म्हणजे कोळशाचे डबे खोदकामाच्या जागेपासून मुख्य मार्गापर्यंत नेई. शेवटी तो ‘ह्यूअर’ म्हणजे प्रत्यक्ष कोळसा फोडणारा होई. ही श्रेणीतील मानाची व चांगल्या मजुरीची जागा होती. उतारवयात किंवा दुखापतीनंतर तोच माणूस रोजंदारीच्या हलक्या कामावर परत येई. अशा रीतीने एकच मनुष्य आयुष्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि पुन्हा अकुशल ठरत असे. एप्रिलमधील एका रात्रीची नोंद हा प्रवास दाखवू शकत नाही.

या श्रेणीला कामगारांनी निर्माण केलेल्या संस्थांची जोड होती. कोळशाचा थर सर्वत्र सारखा नसे. कोठे तो जाड व सुटा, तर कोठे पातळ व पाणथळ असे. मजुरी वजनावर ठरत असल्याने चांगली जागा कोणाला मिळावी, हा कळीचा प्रश्न होता. डरहॅममध्ये तो दर तिमाहीस चिठ्ठ्या टाकून सोडविला जाई. या पद्धतीला ‘कॅव्हिलिंग’ म्हणत. तिच्यामुळे मर्जीतल्या माणसाला चांगली जागा देण्याचा अधिकार व्यवस्थापकाच्या हाती राहत नसे. वजन करणाऱ्या मालकाच्या माणसावर लक्ष ठेवण्यासाठी कामगार आपला स्वतंत्र वजन-तपासनीस निवडत आणि त्याचा पगार स्वतः देत. हिशेबात पक्का आणि बोलण्यात निर्भीड असा हा तपासनीस बहुधा पुढे संघटनेचा नेता होई. १८६९ मध्ये स्थापन झालेली डरहॅम मायनर्स असोसिएशन या पायावर उभी राहिली. तिचा एक पुढारी, दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला पीटर ली, १९१९ मध्ये लेबर पक्षाच्या बहुमताच्या काउंटी कौन्सिलचा अध्यक्ष झाला. व्यवसायाची ओळख अशा प्रकारे थेट शासनसंस्थेपर्यंत पोहोचली.

१९५० च्या दशकात एरिक ट्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायव्य डरहॅमच्या खाणींचा अभ्यास केला आणि तो १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. यंत्रे आल्यावर काम तुकड्यांत वाटले गेले आणि प्रत्येक पाळीला एकच काम उरले. मात्र काही गटांनी एकमेकांची कामे आलटूनपालटून करण्याची व मजुरी समान वाटून घेण्याची पद्धत स्वीकारली आणि ते गट अधिक चांगले काम करीत असल्याचे या अभ्यासकांना आढळले. व्यवस्थापनशास्त्रात आज ‘स्वयंनियंत्रित गट’ म्हणून शिकविल्या जाणाऱ्या संकल्पनेची मुळे बऱ्याच अंशी या संशोधनात आहेत.

पुरुषांच्या व्यवसायामागील स्त्रियांचे श्रम

१८४२ च्या कायद्याने स्त्रियांना भूगर्भातील कामास मनाई केली होती. त्यामुळे खाणगावांत स्त्रियांसाठी मजुरीचे काम अत्यल्प होते. परंतु पती आणि दोन-तीन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असत तेव्हा घरातील स्त्रीच्या कामाला पाळीच उरत नसे. खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे होईपर्यंत प्रत्येक पाळीगणिक पाणी तापविणे, कोळशाने माखलेले कपडे धुणे व वाळविणे, अवेळी जेवण तयार ठेवणे ही कामे तिचीच होती. जनगणनेत या श्रमांना व्यवसाय मानले गेले नाही. सामाजिक वर्गाच्या विश्लेषणातही विवाहित स्त्रीचा वर्ग बहुधा पतीच्या व्यवसायावरून ठरे. म्हणून ‘पुरुषांचे व्यवसाय’ हे कोष्टक वस्तुतः संपूर्ण कुटुंबाच्या श्रमाचे कोष्टक होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

२९ मे १९५१

ईझिंग्टन ही समुद्रकाठची मोठी व भविष्य असलेली खाण मानली जात होती. २९ मेच्या पहाटे, एक पाळी संपून दुसरी सुरू होत असताना, कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते पायराइटवर घासून ठिणगी उडाली. तिने ज्वालाग्राही वायू पेटला आणि पाठोपाठ कोळशाच्या धुळीचा स्फोट दूरवर पसरला. पाळी बदलण्याची वेळ असल्याने दोन्ही पाळ्यांची माणसे आत होती. ८१ कामगार आणि बचावकार्यास उतरलेले दोघे मरण पावले. जनगणनेला जेमतेम सात आठवडे झाले होते. ज्यांची नोंद हयात खाणकामगार म्हणून झाली होती, त्यांपैकी हे ८३ जण कोष्टके छापून येण्यापूर्वीच नाहीसे झाले होते.

डरहॅम शहरात १८७१ पासून भरणाऱ्या खाणकामगारांच्या वार्षिक मेळाव्यात प्रत्येक खाणीचे रेशमी निशाण वाजतगाजत आणले जाते. त्या वर्षी ज्या खाणीत कोणी दगावले असेल तिच्या निशाणावर काळे वस्त्र गुंडाळण्याची प्रथा होती. आपल्या व्यवसायाची नोंद ठेवण्याची ही कामगारांची स्वतःची रीत म्हणता येईल.

‘ड’ वर्गातील गावे

१९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यानुसार प्रत्येक काउंटीला विकास आराखडा करणे बंधनकारक झाले. डरहॅमच्या आराखड्यात वस्त्यांचे चार वर्ग करण्यात आले. ‘अ’ वर्गात वाढ अपेक्षित असलेल्या, ‘ब’ वर्गात स्थिर राहतील अशा आणि ‘क’ वर्गात काहीशी घट होईल अशा वस्त्या होत्या. ‘ड’ वर्गातील वस्त्यांची लोकसंख्या मोठ्या प्रमाणात घटणार असे धरून तेथे नवी घरे, गटारे वा अन्य सोयी करू नयेत असे ठरले. प्रारंभी ११४ आणि पुढे एकूण १२१ वस्त्या या वर्गात गेल्या. त्यांतील बहुतेक पश्चिम व मध्य डरहॅममधील होत्या, कारण तेथील थर संपत आले होते.

नियोजनकारांचे तर्कशास्त्र समजण्यासारखे होते. साधने मर्यादित होती, घरे जुनी व दाटीवाटीची होती आणि पीटर ली यांच्या नावाने १९४८ मध्ये घोषित झालेल्या पीटरली या नव्या नगरात चांगली घरे देता येणार होती. शिवाय हा निर्णय घेणारी कौन्सिल लेबर पक्षाची, म्हणजे खाणकामगारांच्याच पाठिंब्याची होती. परंतु या तर्कात गाव म्हणजे खाणीला माणसे पुरविणारी जागा एवढाच अर्थ उरला. गावकऱ्यांच्या दृष्टीने व्यवसाय हा थरावर नव्हे, तर परस्परसंबंधांवर उभा होता. संघटनेची शाखा, सहकारी भांडार, मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिर, वाद्यवृंद आणि वृद्ध कामगारांसाठी १८९८ पासून घरे बांधणारी संस्था हे सर्व त्या व्यवसायाचेच भाग होते. खाण बंद झाल्यावरही अनेक पुरुष बसने दुसऱ्या खाणीत जात आणि गावातच राहत. गावे टिकविण्यासाठी रहिवाशांनी दीर्घकाळ विरोध केला. १९७७ मध्ये हे धोरण संपुष्टात आले, तोपर्यंत काही वस्त्या जमीनदोस्त झाल्या होत्या. अनेक मात्र आजही उभ्या आहेत.

येथे इतिहासाचा एक विपर्यास दिसतो. ज्या पूर्वेकडील खाणींच्या भरवशावर पश्चिमेची गावे मोडीत काढली गेली, त्याही शतक संपण्यापूर्वी बंद झाल्या. कॉन्सेटचा पोलाद कारखाना १९८० मध्ये, सन्डरलंडची जहाजबांधणी १९८८ मध्ये आणि ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस वेअरमथ ही डरहॅमच्या कोळसाक्षेत्रातील शेवटची खोल खाण थांबली. तिच्या जागेवर १९९७ मध्ये फुटबॉलचे मैदान उभे राहिले. मेळावा मात्र आजही भरतो आणि बंद खाणींची निशाणे त्यात मिरविली जातात.

निष्कर्ष

१) डरहॅममधील ‘खाणकामगार’ हा एक व्यवसाय नसून वयानुसार बदलणाऱ्या अनेक कामांची साखळी होती. जनगणनेतील स्थिर वर्गीकरणात ती दिसत नाही.
२) चिठ्ठ्यांनी जागावाटप, निवडलेला वजन-तपासनीस व कामगार संघटना यांमुळे व्यवसायाला स्वशासित संस्थेचे स्वरूप आले होते.
३) पुरुषांचा व्यवसाय स्त्रियांच्या अगणित श्रमावर उभा होता. त्या श्रमाची नोंद न होणे हा वर्गीकरणाचा दोष होय.
४) व्यवसायाच्या आकड्यांवरून गावाचे भवितव्य ठरविणाऱ्या नियोजनाने व्यवसायाचा सामाजिक अर्थ वगळला. लोकांनी निवडलेल्या, त्यांच्याच वर्गातून आलेल्या संस्थेकडूनही हे घडू शकते, ही बाब विशेष विचारात घ्यावी लागेल.

व्यवसायाचे कोष्टक हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, यात शंका नाही. मात्र ते कोणी, कोणत्या प्रश्नासाठी तयार केले आणि त्याच्या आधारे पुढे कोणते निर्णय घेतले गेले, हे तपासल्याशिवाय त्याचे वाचन पूर्ण होत नाही. डरहॅममधील ‘ड’ वर्गाच्या गावांचा अनुभव हेच सांगतो.