घर विकायचंय? आधी पाटीचं माप बघा!

मंडळी, घर विकायला काढलं की पहिली लागते ती 'फॉर सेल'ची पाटी. अल्फारेटात तिच्यासाठी शहराचे नियम आहेत. शेजारच्या मिल्टनमध्ये (२००६ साली झालेलं शहर) घोड्यांची कुरणं आणि मोकळे रस्ते, त्यामुळे मोठी पाटी लांबूनच डोळ्यांत खुपते.

पण पाटीवर सरसकट बंदी घालता येत नाही. गोरी कुटुंबं घाबरून घरं विकताहेत म्हणून न्यू जर्सीतल्या विलिंगबरोने अशी बंदी घातली होती; १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१५ च्या गिल्बर्ट (अ‍ॅरिझोना) खटल्यानंतर मजकूर बघून वेगवेगळी मापं ठरवणंही अवघड झालं. आकार, उंची, जागा यांचे सगळ्यांना सारखे नियम मात्र चालतात.

एच.ओ.ए.चं गणित निराळं. तो खाजगी करार, त्यामुळे त्याच्या अटी शहराहून कडक असू शकतात. घर घेताना सही केलेलं ते जाडजूड बाड (कोण वाचतं म्हणा!) आता काढाच.

आणखी एक, हिरवळ आपण कापतो म्हणून रस्त्यापर्यंतची सगळी जागा आपली नसते. कडेचा पट्टा बहुधा सार्वजनिक असतो, तिथली पाटी उचलून नेली जाऊ शकते. 'ओपन हाऊस'चे बाण नाक्यावर रोवण्याआधी शहराच्या कचेरीत फोन करून विचारा.