वंशावळींच्या संगणकीय प्रती व त्यांतील दोष

यवतमाळकडील वंशावळी संगणकाच्या एका प्रणालींतून दुसरींत नेतांना दोन दोष आम्हांस आढळतात. पहिला लिपीचा. १९८४ सालीं निघालेल्या 'गेडकॉम' पद्धतीची फाइल 'यूटीएफ-८' संकेतांत काढली नाहीं, तर देवनागरी नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात; त्या प्रतींतून तीं नांवें परत मिळत नाहींत. मूळ प्रणालींतून नवी प्रत काढणें हाच उपाय. दुसरा दोष कालगणनेचा. वऱ्हाडच्या कागदांत शकाबरोबर निजामी अमलांतील फसली सनही येतो, गेडकॉमच्या ५.५.१ आवृत्तींत दोहोंची सोय नाहीं. शके १७९० म्हणजे इ. स. १८६८-६९. नुसता १७९० लिहिल्यास १८२० सालीं जन्मलेल्या आजोबाच्या आधीं नातू जन्मतो! म्हणून तारखेंत इसवी सन द्यावा, मूळ सन टिपणींत जसाचा तसा राखावा.