रॉकर आर्म : स्मॉल-ब्लॉक शेव्हरोले इंजिनासाठी निवड

पुशरॉड पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारी छोटी तरफ म्हणजे रॉकर आर्म. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते. तिचा उंचवटा लिफ्टरला, लिफ्टर पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला वर ढकलतो. रॉकरचे दुसरे टोक खाली जाते आणि स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह उघडते. इंजिनाची ताकद वाढवताना हा भाग बदलण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे, आणि तिचा सर्वांत मोठा आखाडा म्हणजे शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन.

हे इंजिन १९५५ च्या मॉडेलांत २६५ घनइंच आकारात आले. त्या काळात बहुतेक इंजिनांचे रॉकर एका लांब शाफ्टवर ओवलेले असत. शेव्हरोलेने त्याऐवजी पाँटिॲकमधील अभियंते क्लेटन लीच यांची कल्पना उचलली : दाबयंत्रात पत्र्यातून घडवलेला रॉकर, मध्ये अर्धगोल टेकू आणि प्रत्येक रॉकरला स्वतंत्र स्टड. भाग हलका, स्वस्त आणि झटपट बनणारा होता. रोजच्या वापरात तो दोन-तीन लाख किलोमीटर मुकाट्याने काम करतो. मात्र कॅमची उचल वाढली आणि स्प्रिंग कडक झाल्या की त्याच्या मर्यादा दिसू लागतात. टेकूच्या जागी घर्षणाने उष्णता साठते, पत्रा लवतो आणि उचल फारच जास्त असेल तर रॉकरच्या खाचेची कड स्टडवर आपटते.

निवडीची चर्चा बहुधा गुणोत्तरापासून, म्हणजे पुशरॉडच्या हालचालीच्या किती पट व्हॉल्व्ह हलते यापासून, सुरू होते. या इंजिनाचे मूळ गुणोत्तर १.५ आहे. कॅमचा उंचवटा ०.३०० इंच असेल तर व्हॉल्व्ह ०.४५० इंच उघडते, १.६ चा रॉकर लावला तर ०.४८० इंच. कॅमशाफ्ट न काढता ०.०३० इंच उचल मिळते, म्हणून हा बदल लोकप्रिय आहे. व्हॉल्व्ह तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापत असल्याने तिचा वेगही वाढतो. पण हा लाभ फुकट नाही. स्प्रिंगचा दाब पुशरॉडच्या बाजूला गुणोत्तराने गुणून येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेली असताना दाब ३५० पाउंड असेल, तर १.५ च्या रॉकरमध्ये पुशरॉडवर ५२५ पाउंड आणि १.६ मध्ये ५६० पाउंड येतात. स्टड दोन्ही बाजूंचा भार पेलतो, म्हणजे १.६ मध्ये ९१० पाउंड, आणि तोही दर चक्राला एकदा. जुन्या सिलिंडर हेडमध्ये हे स्टड नुसते ठोकून बसवलेले असत आणि अशा भाराने ते हळूहळू उपटून येतात. तिथे आधी आट्यांचे स्टड हवेत. कडक स्प्रिंग असतील तर ३/८ ऐवजी ७/१६ इंच जाडीचे घ्यावेत. रॉकर नंतर.

१.६ मध्ये आणखी एक अडचण दडलेली असते. गुणोत्तर वाढवताना पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ सरकते, त्यामुळे पुशरॉड हेडमधल्या भोकाच्या कडेला घासू शकतो. ते भोक लांबट करावे लागते. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतले अंतरही मोजून घ्यावे. इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच हा कारागिरांचा रूढ नियम आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. स्प्रिंग धरून ठेवणारा रिटेनर आणि व्हॉल्व्हचे सील यांच्यामध्येही जागा उरली पाहिजे.

धातूच्या बाबतीत जाहिराती वजनावर भर देतात आणि तिथेच ग्राहक फसतो. एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचे. आसाजवळचे वजन फारसे हलत नाही. व्हॉल्व्हकडच्या टोकाचे वजन मात्र प्रत्येक फेरीत वर-खाली फेकले जाते. त्यामुळे तराजूत जड भरणारा पण टोकाशी निमुळता पोलादी रॉकर रंगीत ॲल्युमिनियमच्या रॉकरपेक्षा जास्त फेऱ्यांना स्थिर राहू शकतो. ॲल्युमिनियमला थकवा येतो. त्याचे आयुष्य दाबाच्या आवर्तनांनी मोजले जाते, म्हणून शर्यतीचे कारागीर ते ठरावीक काळाने बदलतात. रोज चालणाऱ्या गाडीसाठी क्रोम-मॉली पोलाद अधिक भरवशाचे.

‘रोलर’ या शब्दामागेही दोन वेगळ्या वस्तू असतात. काही रॉकरना फक्त टोकाला चाक असते आणि टेकू मूळचाच अर्धगोल. पूर्ण रोलर रॉकरमध्ये आसावरही नीडल बेअरिंग असते. घर्षणातली खरी बचत आसावर होते, कारण सर्वांत मोठा भार तिथेच असतो. टोकाचे चाक व्हॉल्व्हच्या दांड्याला बाजूने ढकलणे कमी करते, पण भूमिती चुकलेली असेल तर ते काही सुधारू शकत नाही. त्यासाठी पुशरॉडची लांबी जुळवावी लागते. दांड्याच्या टोकाला मार्करने रंग लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवावे. उमटलेली रेघ अरुंद आणि मध्याजवळ असली पाहिजे. रेघ रुंद असेल तर लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड लावून पुन्हा पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, तरी निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या हेडमध्ये रॉकरच्या टोकालाच दोन कडा असतात आणि त्या व्हॉल्व्हच्या दांड्याला धरून रॉकर सरळ ठेवतात. असे रॉकर आणि पुशरॉड धरणाऱ्या गाइड प्लेट एकत्र वापरू नयेत. दोन वाटाड्यांत रॉकर अडकतो. गाइड प्लेट असतील तर पुशरॉड कठीण केलेलेच हवेत. उंच रॉकर व्हॉल्व्ह कव्हरला आतून लागत नाहीत ना, हेही पाहावे.

फार कडक स्प्रिंग आणि मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांच्या पलीकडे स्वतंत्र स्टड डोलू लागतात. तेव्हा जेसेलसारख्या कंपन्यांचे शाफ्टवर बसणारे संच लावतात. म्हणजे १९५५ ला सोडलेली जुनी रचनाच जास्त ताकदीने परत येते. भारतात ॲम्बॅसडरच्या आणि कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनांत रॉकर शाफ्टवरच असत. ‘टॅपेट वाजतोय’ ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत मेकॅनिक याच रॉकरचा स्क्रू फिरवून फट जुळवत.

१९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस इंजिनात शेव्हरोलेने स्वतःच १.७ गुणोत्तराचे, ओतीव पोलादाचे, आसावर नीडल बेअरिंग असलेले रॉकर दिले. एलएस-७ मध्ये तर १.८ चे रॉकर ७,००० फेऱ्यांपर्यंत चालतात. या रॉकरची एकच दुखरी जागा आहे : बेअरिंगच्या सुया निसटून तेलात पडू शकतात. उपाय रॉकर बदलण्याचा नाही, आसाचा सुधारित संच बसवण्याचा आहे.

जुन्या स्मॉल-ब्लॉकमध्ये मध्यम कॅम आणि साडेपाच-सहा हजार फेऱ्यांची मर्यादा असेल तर टोकाला चाक असलेला १.५ चा पोलादी रॉकर पुरेसा आहे. उरलेले पैसे स्प्रिंग आणि योग्य लांबीच्या पुशरॉडवर घालावेत. वापरलेले ॲल्युमिनियमचे रॉकर मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.