उमव्हेल्ट

उमव्हेल्ट : प्राण्याच्या ज्ञानेंद्रियांना जाणवणारे आणि त्याच्या कृतींच्या आवाक्यात येणारे, त्या त्या जातीपुरते जग. ‘परिसर’ या अर्थी जर्मन भाषेत आधीपासून असलेल्या शब्दाला हा अर्थ एस्टोनियात जन्मलेले जर्मनभाषक प्राणिशास्त्रज्ञ याकोप फोन युक्सक्यूल (१८६४–१९४४) यांनी १९०९ मधील ग्रंथात दिला. पुढे हॅम्बुर्ग विद्यापीठात त्यांनी या विषयाला वाहिलेली संस्था चालवली.

परिभाषा : जाणवणाऱ्या खुणांचे जग ते ‘मेर्कव्हेल्ट’, कृती जिथे उमटते ते ‘व्हिर्कव्हेल्ट’. खूण मिळते, कृती घडते, कृतीने ती खूण पुसली जाते आणि पुढची पुढे येते. या फेऱ्याला ‘फुंक्त्सिओन्सक्राइस’ (कार्यवर्तुळ) म्हटले आहे.

गोचिडाचे उदाहरण : युक्सक्यूल यांच्या १९३४ च्या सचित्र पुस्तकातले हे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. मीलनानंतर गोचिडाची मादी झुडपाच्या फांदीवर चढून बसते. तिला डोळे नाहीत. त्वचेला जाणवणारा उजेड तिला वर नेतो. सस्तन प्राण्याच्या त्वचेतून येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास लागताच ती पकड सोडते. अंगावर पडल्यावर स्पर्शाने वाट काढत ती केस नसलेली उबदार जागा गाठते आणि तोंड खुपसते. रक्ताची चव तिला कळत नाही : पातळ पडद्यामागे योग्य तापमानाचा दुसरा द्रव ठेवला, तरी ती तो पिते. रक्त पिऊन झाल्यावर ती गळून पडते, अंडी घालते व मरते. वास, स्पर्श आणि ऊब एवढ्या तीनच खुणांवर प्राणी गाठून रक्त पिण्याचा हा सारा व्यवहार चालतो. जंगलातले बाकी सर्व तिच्या लेखी नाहीच, आणि हे ‘नाही’ नेमकेपणाने मांडता येणे हेच या परिभाषेचे मोठे बळ होय. रॉस्टॉक येथे गोचीड १८ वर्षे उपाशी जिवंत राहिल्याचा पुस्तकातील उल्लेख मात्र जपून घ्यावा. गोचिडांना उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडही जाणवतो, असे नंतरच्या संशोधनात दिसले आहे.

झूखबिल्ड (शोधप्रतिमा) : शोधताना मनात धरलेली वस्तूची प्रतिमा; तिच्याशी न जुळणारी वस्तू समोर असूनही दिसत नाही. युक्सक्यूल एका मित्राकडे राहत असताना जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर नेहमी मातीची सुरई असे. ती फुटल्यावर काचेची ठेवली गेली, तेव्हा समोर असूनही त्यांना ती दिसेना. प्राणिवर्तनशास्त्राच्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत फलदायी संज्ञा, कारण ती प्रयोगाने तपासता येते. पक्षिशास्त्रज्ञ लूक टिनबर्जेन यांनी १९६० मधील लेखात पाइनच्या जंगलातील पक्षी व त्यांचे कीटकभक्ष्य यांच्या अभ्यासात तिचा वापर केला. एखादी अळी संख्येने वाढू लागली तरी पक्षी काही काळ ती फारशी टिपत नाहीत आणि मग एकाएकी भराभर टिपू लागतात, याचे स्पष्टीकरण त्यांनी शोधप्रतिमेने दिले.

प्रभाव : प्राणिवर्तनशास्त्रात कोनराड लोरेन्ट्स (१९३५ चा निबंध युक्सक्यूल यांना अर्पण), जीवचिन्हविज्ञान, तत्त्वज्ञानात हायडेगर.

मतभेद : युक्सक्यूल यांना डार्विनचा उत्क्रांतिवाद मान्य नव्हता. राज्यसंस्थेवरील त्यांच्या १९२० मधील पुस्तकाचा (सुधारित आवृत्ती १९३३) अर्थ कसा लावावा, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.