मलिक-ए-मैदान तोफ आणि धातूतील अवशिष्ट ताण : एक ऐतिहासिक विचार

धातूची भुकटी लेसरने वितळवून थरावर थर रचत यंत्रभाग घडविण्याच्या पद्धतीत, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंगमध्ये, भागात किती ताण कोंडून राहील याचे पूर्वानुमान हा कळीचा प्रश्न मानला जातो. प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याचे एक भव्य उदाहरण आपल्याच जिल्ह्यात ओतले गेले.

इ. स. 1549 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हसन रूमी याने अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली. पुढे परांडा किल्ल्यावरून ती 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. तेथील बुरुजावर ती आजही आहे. तिचे वजन सुमारे 55 टन सांगितले जाते. बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर व नळीचा सुमारे 70 सेंटिमीटर असल्याने भिंतीची जाडी 40 सेंटिमीटरच्या आसपास भरते. धातूत कथिल जवळजवळ एक पंचमांश आहे. तोफांच्या कांस्यात ते साधारणतः एक दशांश असते. ही वस्तुतः घंटेची धातू होय : कठीण, परंतु ठिसूळ.

एवढे जाड ओतकाम बाहेरून निवते. कवच आधी घट्ट होते. आतील धातू नंतर आकसू पाहते, पण कवच तिला आकसू देत नाही. परिणामी नळीलगतचा भाग कायमचा ताणलेला राहतो, आणि बार उडताना नेमका तेथेच आणखी ताण पडतो. रूमीने हे कसे सांभाळले, याची नोंद उपलब्ध साधनांत आढळत नाही. तोफ टिकली, म्हणून त्याला हे शास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. फुटलेल्या तोफा वितळविल्या जातात, त्या बुरुजावर उरत नाहीत.

अमेरिकेत थॉमस रॉडमन याने 1840 च्या दशकात हा क्रम उलटविला. नळी आतून पाण्याने आधी निववली की बाहेरची धातू आकसताना तिला आवळते. थ्रीडी प्रिंटिंगमध्येही प्रत्येक नवा थर खालच्या घट्ट थराला धरून आकसतो. पाटावरून सोडविताच भाग वाकतो. लेसरची प्रत्येक रेघ संगणकावर सोडविणे वेळखाऊ असल्याने, जपानमध्ये 1970 च्या दशकात युकिओ उएदा यांनी जोडकामासाठी मांडलेली रीत येथे वापरतात : लहान नमुन्यातील आकुंचन मोजून ते संपूर्ण भागाच्या गणितात घालावयाचे.

न कापता खोलवरचा ताण मोजण्यास न्यूट्रॉन उपयोगी पडतात. पण काही सेंटिमीटरांपलीकडे त्यांची मात्रा चालत नाही. मलिक-ए-मैदानची भिंत त्याच्या कितीतरी पट जाड आहे.