तळटीप : थंडी आणि हापूसचा मोहोर

* ‘दिवस लहान झाले, थंडी पडली, की मोहोर’ : यातला थंडीचा भाग खरा, लहान दिवसांचा नव्हे. मुरूड-श्रीवर्धनच्या बागांत पावसाळ्यानंतरची पालवी जून झाली आणि रात्रीचा पारा काही दिवस १५ ते २० अंशांच्या आसपास राहिला, की हापूसच्या शेंड्यावरचा डोळा मोहोराकडे वळतो. हवा उबदारच राहिली तर त्याच डोळ्यातून तांबूस पालवी फुटते. दिनमानाशी आंब्याला फारसे देणेघेणे नाही. शेवंतीला आहे, ती लांबलेली रात्र ओळखून कळी धरते. (दिनमानाचा हा प्रभाव गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूसारख्या पिकांवर दाखवला.) थंडीही बेताचीच बरी. ती रेंगाळली तर फळ धरलेल्या काडीवरच पुन्हा मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी, गोटीएवढी कैरी गळते. बागायतदार याला ‘पुनर्मोहोर’ म्हणतात आणि त्याला धास्तावतात. मोहोर लवकर यावा म्हणून हल्ली मुळांशी पॅक्लोब्युट्राझोल देतात. ते झाडातले जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक रोखते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे थंडीच्या कितीतरी आधी द्यावे लागते.